एनजीओ दर्पण: अनुदानाच्या वाटेवरचे पहिले दार

आमच्या छोट्या वाचनालय न्यासासाठी अनुदान शोधताना नीती आयोगाचे ‘एनजीओ दर्पण’ हे स्वयंसेवी संस्थांच्या (एनजीओ) नोंदणीचे संकेतस्थळ वापरले, त्याचा हा अभिप्राय. केंद्रीय मंत्रालयांच्या योजनांसाठी अर्ज करायचा तर येथील नोंदणी क्रमांक लागतो, आणि ही नोंदणी विनामूल्य आहे, हे ठळकपणे सांगायला हवे. कारण याच कामासाठी एका सल्लागाराने आमच्याकडून आधी चांगलीच रक्कम उकळली होती. न्यासाचे नोंदणीपत्र, संस्थेचे पॅन कार्ड आणि पदाधिकाऱ्यांचे पॅन व आधार हाताशी असले, तर अर्ज स्वतः भरणे मुळीच अवघड नाही.

मात्र क्रमांक मिळाला म्हणजे पैसा मिळाला, असे समजू नये. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात; पण तो निधी हवा असेल, तर प्राप्तिकराची 12अ (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व 80जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी, सीएसआर-1 अर्ज (असा कंपनी-निधी घेण्यासाठी संस्थेने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे करायची नोंदणी) आणि साधारणपणे तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. नव्या संस्थांची खरी अडचण या शेवटच्या अटीत आहे. संकेतस्थळाची मांडणी कोरडी, मराठी वापरणाऱ्याला थोडी परकी. तरीही गावपातळीवरील संस्थेने सुरुवात येथूनच करावी, आणि तीही दलालाविना.