आवाज बंद की बोल समोर? ‘धिस इज अमेरिका’ बघण्याच्या दोन रीती
अमेरिकी रॅपर चाइल्डिश गॅम्बिनोच्या गाण्याचा हा व्हिडिओ (२०१८, दिग्दर्शक हिरो मुराई) आधी आवाज बंद करून बघावा. ठेका नसला की नजर पुढे नाचणाऱ्या गॅम्बिनोवरून सुटते. मागची पळापळ, पोलिसांची गाडी, पांढऱ्या घोड्यावरचा स्वार दिसू लागतो. बंदूक लाल कापडात अलगद घेतली जाते, गोळी लागलेल्या माणसाला मात्र फरफटत नेतात. हा विरोध टिपायला व्हिडिओचा वेग ०.५ वर, म्हणजे निम्मा ठेवा.

बोल समोर घेऊन बसलं की प्रत्येक दृश्याला एखादी ओळ चिकटवायचा मोह होतो, आणि इथे तर कित्येकदा बोल एक सांगतात, चित्र दुसरंच. एक गोष्ट मात्र ऐकल्याशिवाय कळत नाही: पहिल्या गोळीसरशी गोड सुरावट तुटते आणि जड बास सुरू होतो. आवाज सुरू ठेवून दुसरी फेरी त्यासाठीच.