डिमेन्शियातली कलाथेरपी : अकरा महिन्यांनंतर

आईला अल्झायमर असल्याचं निदान होऊन चार वर्षं झाली. त्यातले गेले अकरा महिने आर्ट थेरपी, म्युझिक थेरपी आणि थोडी डान्स मूव्हमेंट थेरपी असं सगळं करून बघितलं. ‘फरक पडला का?’ हे इतके जण विचारतात, की एकदाच सविस्तर लिहून टाकते.

घाईत असाल त्यांच्यासाठी : विसरणं थांबलं नाही. याच अकरा महिन्यांत आई माझं नाव विसरली, मग घरातलं बाथरूम कुठल्या बाजूला ते विसरली. पहिल्या सेंटरमध्ये ‘मेंदूला चालना मिळते, आठवणी परत येतात’ असं ऐकवलं होतं. ते खरं मानून मी तीन महिने भलत्याच गोष्टीची वाट बघत बसले.

बदल दिसला तो संध्याकाळी. दिवस कलायला लागला की आई अस्वस्थ होते, दाराशी जाऊन ‘मला घरी जायचंय’ म्हणते, तेही स्वतःच्याच घरात. चारला सेशन असेल त्या दिवशी ती बहुतेक वेळा सातपर्यंत दाराकडे फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी रोज वहीत एक ओळ लिहीत होते, म्हणून एवढं सांगू शकते. पण उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा संगीतावरचा २०१८ चा आढावा वाचला, तर त्यात वेगळंच दिसतं. २२ अभ्यास तपासून ते म्हणतात की उदासी बहुधा कमी होते, पण चिडचिड-अस्वस्थता आणि आकलन यांवर फारसा परिणाम नाही. चित्रकलेच्या बाबतीत तर त्याच वर्षीच्या आढाव्यात निकषात बसणारे अभ्यास दोनच निघाले, त्यांत मिळून ६० माणसं. तेव्हा माझ्या वहीतला फरक संगीताचा की नेमक्या त्या वेळी शेजारी बसलेल्या माणसाचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आता त्या पहिल्या सेंटरबद्दल. नाव देत नाही. एका टेबलाभोवती दहा-बारा जण, प्रत्येकापुढे फुलाची छापील बाह्यरेषा, रंग भरायचे. मदतनीस येऊन आईचा हात धरून फूल पूर्ण करायची. चित्र भिंतीवर लागलं, मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवला, कौतुक झालं. मग एकदा भिंत नीट बघितली तर बाराही फुलं एकाच हातची! वर प्रत्येक वेळी प्रश्न : ‘हे कुठलं फूल, आठवतंय का आजी?’ आई मान खाली घालायची. एक दिवस ब्रश बुडवायचं पाणी तिनं पिऊन टाकलं. ठेवलंच होतं पाणी प्यायच्या पेल्यात, तिची काय चूक? रंग बिनविषारी होते म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे रंगाचं पाणी पसरट भांड्यात असतं.

दुसरी थेरपिस्ट घरी यायची. वयानं माझ्या मुलीएवढी, पण आईसमोर न बसता शेजारी बसायची. पहिल्याच दिवशी तिनं कागदाखाली गडद रंगाची चटई घातली, कारण पांढऱ्या टेबलावरचा पांढरा कागद आईला वेगळा दिसतच नव्हता. हे मला चार वर्षांत सुचलं नव्हतं. नमुना बघून चित्र काढायला सांगितलं की आई नमुन्यावरच गिरवते, याला सेंटरमध्ये ‘खोड्या’ म्हणायचे. हिनं सांगितलं, अल्झायमरमध्ये असं होतं, हात नमुन्याकडे ओढला जातो. उपाय सोपा : नमुना द्यायचाच नाही.

रंगांत आईला गोडी कमीच. पाचव्या की सहाव्या वेळी त्या मुलीनं कापडाच्या तुकड्यांचा डबा उघडला. आई तीस वर्षं घरी शिवणकाम करायची. तिनं एक तुकडा उचलला, उलटा केला, परत सुलटा केला, अंगठा आणि तर्जनीत चोळून बघितला. मग कडेचा एक धागा नखानं सोडवून हळूहळू ओढला, सरळ रेघ मिळेपर्यंत. त्या रेघेवर कापड दुमडलं, मांडीवर ठेवून तळव्यानं दाबलं, तीनदा. कुणी काही विचारलं नव्हतं. सुई अर्थातच नव्हती, तरी उजव्या हाताची चिमूट तुरपाईच्या टाक्यांसारखी पुढे पुढे सरकत राहिली. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाली, ‘अक्का, दोरा दे.’ अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. पूर्वी मी म्हणाले असते, ‘अगं आई, मी तुझी मुलगी.’ त्या दिवशी दोरा दिला.

एक कबुली द्यायची आहे. विल्यम उटरमोलेन या चित्रकाराला १९९५ मध्ये अल्झायमरचं निदान झालं आणि पुढची काही वर्षं तो स्वतःची व्यक्तिचित्रं काढत राहिला. ती बघून मीही आईच्या कागदांवर तारखा घालून ते जमिनीवर ओळीनं मांडले, कुठून घसरलं ते शोधायला. थेरपिस्टनं विचारलं, ‘ताई, हे कुणासाठी?’ उत्तर नव्हतं. कागद गोळा करून ठेवून दिले.

चित्रावरून गोष्ट सांगण्याचा प्रकार मात्र घरच्या घरी जमतो. अमेरिकेत ॲन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात टाइमस्लिप्स नावानं ही पद्धत सुरू केली. एखादं विचित्र चित्र दाखवायचं, ज्याला बरोबर उत्तरच नाही असे प्रश्न विचारायचे आणि येईल ते जसंच्या तसं लिहून मोठ्यानं वाचून दाखवायचं. आमच्या चित्रात होडीत छत्री धरून उभी असलेली बकरी होती. ही कोण? आई म्हणाली, ‘नावाड्याची थोरली सून. पैसे बुडवून चाललीय.’ वाचून दाखवल्यावर स्वतःच खदखदून हसली. दहा मिनिटांनी ते चित्र तिला कोरं होतं, पण हसू तोंडावर होतं.

संगीताला मी सगळ्यात जास्त गुण देईन. तरुणपणी ऐकलेली गाणी बराच काळ शाबूत राहतात हे खरं. वाक्य पूर्ण न करणारी आई कडवं पूर्ण करते. पण थेरपिस्टनं समोर बसून, आईच्या श्वासाप्रमाणे लय संथ करत गाणं वेगळं आणि हेडफोन लावून देणं वेगळं. मी तो आळशीपणा केला. दोन तास यादी चालू ठेवून स्वयंपाकघरात गेले. कुठलंसं गाणं लागलं आणि आईनं हेडफोन ओढून फेकला, मग रात्री जेवेपर्यंत रडत होती. का, ते कधीच कळलं नाही. ते गाणं काढून टाकलं. आता अर्धा तास, तोही मी जवळ असतानाच.

डान्स थेरपी खुर्चीत बसून, हातात ओढणी घेऊन होती. आईला आवडली नाही. तिसऱ्या वेळी तिनं ओढणीची नीट घडी करून परत दिली. त्या बाईंनी आग्रह केला नाही, हे मला फार आवडलं.

कुठे जायचा विचार असेल, तर आधी एक सेशन बसून बघू द्या म्हणावं. नकार देणाऱ्या माणसाचं काय करतात, हे त्यात कळतं. बाकी माहितीपत्रकात सगळे सारखेच. आणि ‘आठवतंय का?’ किती वेळा ऐकू येतं ते मोजा.

माझे गुण : संगीत पाचपैकी चार, कापड-कोलाज चार, गोष्टी साडेतीन, सेंटरची चित्रकला एक.

सध्या आई दुपारची बरीच झोपलेली असते, म्हणून आठवड्याला संगीताचं एकच सेशन ठेवलंय. कापडाचा डबा पलंगाशेजारी असतो. त्यात गेल्या महिन्यात मी बटणं टाकली होती, ती काढून घ्यावी लागली. तोंडात घालायला लागली होती. आता नुसतेच तुकडे आहेत, जाडेभरडे वर, कारण ते तिला आधी हाताला लागतात.