कॉम-बी की ईस्ट?

लोकांचं वागणं बदलायचं तर काय करावं हे ठरवायच्या या दोन्ही चौकटी ब्रिटनमधून आलेल्या. 'कॉम-बी' २०११ साली मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी मांडली, 'ईस्ट' २०१४ मध्ये बिहेवियरल इनसाइट्स टीमने, म्हणजे ब्रिटिश सरकारात सुरू झालेल्या वर्तन-अभ्यास गटाने.

ईस्ट चार गोष्टींत आटोपते: काम सोपं करा, आकर्षक करा, इतर लोक काय करतात ते दाखवा, वेळ साधा. याच टीमने ब्रिटनच्या करखात्यासोबत थकबाकीदारांच्या पत्रात 'दहापैकी नऊ जण कर वेळेत भरतात' अशा अर्थाची ओळ घालून पाहिली आणि वसुली वाढली. एका ओळीला खर्च तो किती!

कॉम-बी आधी नाडी बघते. माणसाकडे क्षमता आहे का, संधी आहे का, प्रेरणा आहे का? समजा, सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा होत नाही. ईस्टवाला लगेच रंगीत डबे आणि फलक सुचवेल. पण घंटागाडीच सगळं एकत्र ओतत असेल तर? मग अडचण संधीची, फलक कितीही देखणा असो. कॉम-बीने विचारलं तर हे पहिल्याच बैठकीत बाहेर येतं. मात्र तिच्याभोवतीचं चक्र, म्हणजे उपायांचे ९ प्रकार आणि ७ धोरणमार्ग, छोट्या संस्थेची दमछाक करतं.

माझं मत विचाराल तर निदान कॉम-बीनेच करावं. पत्राचा मजकूर लिहायला बसलात की ईस्टचे चार शब्द समोर ठेवा.