५०० प्रती छापू का मागणीनुसार? दोन्ही करून बसलेल्या बाईचा हिशेब

पुस्तक स्वतःच काढायचं ठरलं की गाडी इथेच अडते, प्रेस गाठून एकदम ५०० प्रती छापून घेऊ का प्रिंट ऑन डिमांडवर, म्हणजे ऑर्डर येईल तशी प्रत छापणाऱ्यांकडे, टाकून मोकळं होऊ. माझं पहिलं पुस्तक, गावाकडच्या आठवणी, १७६ पानं, पुण्यात ऑफसेटवर, म्हणजे प्रेसवर एकदम सगळ्या प्रती काढून, छापलं. दुसरं मागणीनुसार छापणाऱ्यांकडे दिलं नि सोबत किंडलवर टाकलं. दोन्हीकडचे चटके खाऊन झालेत म्हणून लिहितेय.

आधी पैसे. १७६ पानं म्हणजे डेमी आकाराचे (नेहमीचा पुस्तकाचा आकार) बरोबर ११ फर्मे. फर्मा १६ पानांचा, त्यामुळे पानं १६ च्या पटीत बसवली की कागद वाया जात नाही, त्यापायी मी माझं मनोगत तीन पानांवरून एका पानावर आणलं आणि खरं सांगते, बरंच झालं. छपाई-बायंडिंग ४२ हजार, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून १५ हजार, एकूण ५७. प्रत पडली ११४ ला, किंमत ठेवली २५०. वितरकाने ४५ टक्के मागितले, म्हणजे माझ्या हातात एकशे साडेसदतीस, त्यातून खर्च वजा जाता साडेतेवीस रुपये, तेही विकली गेली तर, उधारीवर, चार फोन केल्यावर. तीच प्रत मी स्वतः कार्यक्रमात २०० ला दिली की ८६ सुटतात. फरक बघा.

मागणीनुसारमध्ये छपाईचे पैसे आधी भरावे लागत नाहीत हे खरं, पण अक्षरजुळणी, मुद्रितशोधन नि मुखपृष्ठाचे १५ हजार तिथेही लागतातच, हे सगळे विसरतात आणि मग म्हणतात फुकटात पुस्तक निघतं. साधारण तेवढ्याच पानांची प्रत मला १३५ ला पडली, किंमत ३०० ठेवावी लागली, साइटचा वाटा जाऊन मला साठेक रुपये. आणि वाचक म्हणतो, ३०० वर कुरिअर, नको बाई, पीडीएफ आहे का?

आता जागा. ५०० प्रती म्हणजे २०-२० चे २५ गठ्ठे, खाकी कागदात बांधलेले, टेम्पोवाल्याने जिन्यात उतरवले आणि गेला. आमच्या दिवाणाखाली १८ मावले, बाकीचे सासूबाईंच्या खोलीत, त्यांनी एकावर पाण्याचा तांब्या ठेवायला सुरुवात केली नि पहिल्याच पावसाळ्यात खालच्या दोन गठ्ठ्यांची मलपृष्ठं फुगली. दोन वर्षं झाली, सात गठ्ठे अजून आहेत. मागणीनुसारला हा त्रास शून्य, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा आणि माझ्या मते पैशांपेक्षा मोठा.

पण तिथे वेगळीच गंमत होते, फॉन्टची. माझ्या पहिल्या पुस्तकाची फाइल डीटीपीवाल्याने श्रीलिपी या जुन्या फॉन्टात केलेली, प्रेसला काही फरक पडला नाही. दुसऱ्या वेळी युनिकोड (मोबाइल-इंटरनेटवर चालतो तो फॉन्ट) लागलं, जुने दोन लेख कन्व्हर्टरमधून काढले तर 'दुसऱ्या' चं सगळीकडे भलतंच झालं, रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला, 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले. स्क्रीनवर माझ्या लक्षातच आलं नाही, छापील नमुना प्रत हातात आली तेव्हा कळलं. म्हणून एक प्रत मागवून, पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय विक्री सुरू करू नका, आठवडा जाईल पण जाऊ दे.

किंडलवर मराठी चालतं, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, पण लागत नाही. ७० टक्के रॉयल्टी ऐकून मीही खूश झाले होते, पण भारतातल्या विक्रीवर ती हवी तर केडीपी सिलेक्ट या किंडलच्याच योजनेत नाव घालावं लागतं, नाहीतर ३५. आणि सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच नाही. मी त्यातली सहा प्रकरणं प्रतिलिपी या वाचनाच्या साइटवर टाकलेली, ती काढावी लागली, तिथले वाचक रुसले ते वेगळं. छापील प्रतीला ही अट नाही.

पार्सलचं काम ऑफसेटवर छापून घेणाऱ्या लेखकाच्याच गळ्यात. पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपालाची सोय, रजिस्टर्ड बुक पोस्ट, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा आमची फार पंचाईत झाली, मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये नि वर कर, पण ते सरसकट सगळ्या पुस्तकांना नाही, तेव्हा गठ्ठा घेऊन जायच्या आधी काउंटरवर विचारा.

कागदपत्रं दोन्हीकडे तीच. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून, ऑनलाइन, फुकट, त्याचे पैसे कोणी मागितले तर उठून या. आणि १९५४ च्या कायद्याने प्रकाशक तुम्हीच, त्यामुळे कोलकाता, मुंबई, चेन्नई नि दिल्लीच्या ग्रंथालयांना ३० दिवसांत एकेक प्रत पाठवायची.

पैसे घेऊन 'आम्ही प्रकाशित करू' म्हणणारा तिसरा पर्याय मी मोजतच नाही. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी बघा.

मग कोणी काय करावं? तुम्ही शिक्षक असाल, व्याख्यानं, कीर्तनं, ट्रेक काहीतरी करत असाल, महिन्यातून दोनदा पन्नास माणसं समोर बसत असतील तर ऑफसेट, डोळे मिटून. गावोगावच्या वाचनालयांना प्रती द्यायच्या असतील तरी तेच, त्यांना घसघशीत सूट लागते आणि १३५ च्या प्रतीत ती बसत नाही. वाचक बंगळूर, दुबई, न्यू जर्सी असे विखुरलेले असतील, किंवा तुम्हाला कोणाला 'माझं पुस्तक घ्या' म्हणायला जिभेवर दगड ठेवल्यासारखं होत असेल (मला होतं), तर मागणीनुसार नि किंडल. नुसत्या फेसबुकवरच्या अभिनंदनावर जाऊ नका, माझ्या पोस्टला ३४० लाइक होते, त्यातल्या ११ जणांनी पुस्तक घेतलं.

तिसऱ्या पुस्तकाच्या मी २०० प्रती डिजिटलवर (थोड्या प्रतींसाठीची छपाई) छापून घेणारे, महाग पडेल पण दहाच गठ्ठे होतात, आणि ते सासूबाईंच्या खोलीत जाणार नाहीत असं ठरलंय.