घरच्या कॉम्प्युटरला फुकटचं कोणतं बरं: डिफेंडर, बिटडिफेंडर, अवास्ट की मालवेअरबाइट्स?

सोयाबीन विकलं गेलं की आमच्या गावात दोन-चार घरी तरी कॉम्प्युटर येते, बहुतेक सेकंडहँड लॅपटॉप, आणि मग फोन सुरू होतात, "भाऊ, याच्यात अँटीव्हायरस कोणता टाकू? फुकटचाच सांगजो." बरोबरच आहे ना, बियाणं, खत, पोट्ट्यांची फी सांभाळून दरवर्षी सॉफ्टवेअरचे पैसे कोण भरन? मी यवतमाळ जिल्ह्यात राहतो, घरी दोन कॉम्प्युटर आहेत आणि शेजारपाजारचे धरून दहा-बारा मशिनी माझ्या हाताखालून जातात, फुकटातले बरेचसे पर्याय त्यांच्यावरच चालवून पाहिले. स्पायवेअरपासून, म्हणजे गुपचूप माहिती चोरणाऱ्या सॉफ्टवेअरपासून, राखण कोण चांगली करते, तेच इथं एकमेकांच्या बाजूला ठेवतो.

आधी हे समजून घ्या की स्पायवेअर म्हणजे कॉम्प्युटर बंद पाडणारा व्हायरस नाही. ते गुपचूप बसते. क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, लॉगिन असलेल्या साइटच्या कुकीज (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइली), आधार-पॅनच्या फाइली, तुम्ही दाबलेली बटणं, सगळं उचलून बाहेर पाठवते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. लुम्मा नावाचं असंच एक चोरटं सॉफ्टवेअर आहे, 16 मार्च ते 16 मे 2025 या दोनच महिन्यांत जगभरातले 3,94,000 च्या वर विंडोज कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले असं मायक्रोसॉफ्टनंच जाहीर केलं. आपल्या मशिनीत चोरण्यासारखं काय आहे असं ज्यांना वाटते त्यांनी एकदा आपला डेस्कटॉप नीट पाहावा. आमच्या मोठ्या बाबांच्या लॅपटॉपवर घरातल्या सहा जणांचे आधार, दोन पासबुकांचे फोटो आणि चक्क 'पासवर्ड' नावाची एक नोटपॅडची फाइल होती, बँकेच्या पासवर्डसकट.

फुकटात दोन जातीची सॉफ्टवेअरं मिळतात आणि लोकांची गल्लत इथंच होते. एक म्हणजे जागलीवालं, रात्रंदिवस मचाणावर बसलेलं, डुक्कर वावरात शिरायच्या आधीच हाकलणारं. दुसरं म्हणजे सकाळी धुऱ्याधुऱ्यानं फिरून कुठं काय खाल्लं ते पाहणारं. डिफेंडर, बिटडिफेंडर, अवास्ट हे पहिल्या जातीचे. मालवेअरबाइट्सचं फुकटचं आणि अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर दुसऱ्या जातीचे. जागलीवालं एकच पाहिजे, दोन बसवले तर ते एकमेकांच्याच फाइली तपासत बसतात आणि 4 जीबी रॅमची मशीन उभीच राहते. दुसऱ्या जातीचं मात्र सोबत ठेवलं तर चालते.

आता डिफेंडर. विंडोज 10 आणि 11 मध्ये ते आधीपासूनच असते, वेगळं काही टाकावं लागत नाही, खातं उघडा म्हणत नाही, जाहिरात दाखवत नाही. मूळ तर हे अँटी-स्पायवेअरच होतं, डिसेंबर 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टनं जायंट नावाची कंपनी विकत घेतली, तिच्या सॉफ्टवेअरवरून डिफेंडर झालं आणि 2012 च्या विंडोज 8 पासून ते पूर्ण अँटीव्हायरस म्हणून आत यायला लागलं. पंधरा वर्षांपूर्वी लोक त्याला नावं ठेवत आणि तेव्हा ते खरंही होतं, पण आता जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट लॅबच्या चाचण्यांत त्याला बऱ्याचदा पूर्ण गुण मिळतात. ज्याच्या घरी फायबरचं नाहीतर चांगलं फोर-जी नेट आहे त्यानं दुसरं शोधत फिरायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पण आपल्या खेड्यात एक अडचण आहे आणि ती शहरातले लोक सांगत नाहीत. डिफेंडरची बरीचशी ताकद इंटरनेटवर अवलंबून आहे, अनोळखी फाइल दिसली की ते मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून ठरवते. नेट बंद असलं की त्याची पकड ढिली होते, ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज नावाची लॅब ऑफलाइन पकडण्याचे आकडे वेगळे देते, त्यात डिफेंडर बिटडिफेंडर आणि अवास्टच्या मागं दिसत आलेलं आहे. आमच्याकडे कॉम्प्युटरला नेट म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट, फोन घेऊन पोट्टं बाहेर गेलं की नेटही गेलं, आणि नेमका रोग येते तो पेनड्राइव्हनं.

मागच्या जूनमध्ये शेजारची वहिनी पोरीच्या अ‍ॅडमिशनचे कागद प्रिंट करायला तालुक्याला गेली, घरी येऊन पेनड्राइव्ह लावला तर मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला सगळ्याचे शॉर्टकट झालेले, प्रत्येक आयकॉनच्या कोपऱ्यात तो बाण. ती घाबरून मला म्हणे, "भाऊ, पोरीचे कागद गेले ना बाप्पा." कागद गेले नव्हते. हा जुनाच प्रकार आहे, मूळ फाइली लपवून ठेवते आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट बनवते, तुम्ही डबल-क्लिक केलं की फाइलही उघडते आणि मागून त्याचा प्रोग्रामही चालू होते. अशा वेळी कशावरही डबल-क्लिक करायचं नाही. आधी हॉटस्पॉट चालू करा, ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरचा स्कॅन लावा, ते काम झालं की फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करा. तिचं फोल्डर फिकट रंगात दिसायला लागलं तेव्हा कुठं तिच्या जीवात जीव आला.

म्हणून ज्यांच्याकडे नेट येते-जाते आणि पेनड्राइव्हची ये-जा जास्त आहे त्यांना मी बिटडिफेंडर फ्री सांगतो. रोमानियाची कंपनी आहे, फुकटच्या आवृत्तीतही चोवीस तास राखण मिळते आणि एकदा बसवलं की ते गप आपलं काम करते. अडचणी दोन, ईमेल देऊन खातं उघडावं लागते आणि पहिल्यांदा डाउनलोड मोठं आहे, सकाळी लवकर नेट मोकळं असते तेव्हा लावा. ते बसलं की डिफेंडर आपोआप बाजूला होते, वेगळं काही करावं लागत नाही.

अवास्ट आणि एव्हीजी. हे दोन्ही वेगळे समजू नका, अवास्टनं 2016 मध्ये एव्हीजी घेतलं आणि आता दोघांचं पोट एकच आहे. पकडायला दोन्ही चांगले, ऑफलाइन सुद्धा. तरी मी कोणाच्याच घरी टाकत नाही. अवास्टचीच जंपशॉट नावाची एक कंपनी होती, लोक कोणत्या साइटवर जातात, काय शोधतात ही माहिती या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून आणि ब्राउझरच्या एक्सटेन्शनमधून गोळा व्हायची आणि तिच्यामार्फत विकली जायची. 2020 च्या जानेवारीत बोभाटा झाल्यावर जंपशॉट बंद केली, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावून जाहिरातीसाठी असा डेटा विकायला बंदी घातली. हेरगिरीपासून वाचायला जे घरात घेतलं त्यानंच हेरगिरी करावी, कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. आज ते तसं करत असतील असं मी म्हणत नाही, पण तितकीच राखण दुसरीकडे फुकट मिळत असताना मी आपल्या माणसांना हे काहून सांगू? त्यात पुन्हा 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये इतक्या अडचणी सापडल्या, अपग्रेड करा' असं येत राहते, आणि घरचे म्हातारे लोक ते खरं धरून घाबरतात.

मालवेअरबाइट्स टाकलं की पहिले 14 दिवस सगळं चालते, लोक खुश होतात, नंतर ते फुकटच्या आवृत्तीवर येते आणि राखण बंद होते, फक्त तुम्ही स्कॅन दाबलं तरच तपासते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसते आणि दोन-दोन वर्षं त्याच्याच भरवशावर राहतात. पण साफसफाईला ते लय कामाचं आहे, डिफेंडरच्या नजरेतून सुटलेलं कधीकधी हे काढते, म्हणून महिन्यातून एकदा चालवायला ठेवाच. त्याच कंपनीचं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर तर माझ्या पेनड्राइव्हमध्ये कायमचं असते. आठ-दहा एमबीची एकच फाइल, इन्स्टॉल करावी लागत नाही, क्रोमचं होमपेज बदललं, सर्च भलतीकडेच जाते, नको तो टूलबार बसला, अशा कामाला पाच मिनिटं पुरतात. पासवर्ड चोरणाऱ्या मोठ्या चोरासाठी मात्र ते नाही.

स्पायबॉटचं नाव जुने लोक अजून घेतात. 2000 साली आलेलं, एकेकाळी खरंच त्याच्यासारखं दुसरं नव्हतं, आता आजच्या चोरांसाठी मी ते सुचवणार नाही. क्विक हील आपल्या पुण्याचं, चांगलं आहे, पण विकतचं, फुकट फक्त ट्रायल. भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून आहे, त्यांच्या साइटवर बॉट (दुसऱ्याच्या इशाऱ्यावर तुमची मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) काढायचं टूल फुकट मिळते आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचं यूएसबी प्रतिरोध नावाचं एक सॉफ्टवेअरही, ते कोणता पेनड्राइव्ह चालू द्यायचा यावर नजर ठेवते. ज्यांच्या घरी फॉर्म भरायचं काम चालते आणि दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात त्यांनी ते जरूर पाहावं.

पण हे सगळं विंडोज सरळ असलं तर. गावात येणारे निम्मे लॅपटॉप क्रॅक विंडोजचे, म्हणजे विकत न घेता चोरून चालू केलेल्या विंडोजचे असतात आणि त्यावर कोणतंही टाकलं तरी भरवसा नाही. माझ्या चुलतभावानं तालुक्याच्या एका दुकानातून सेकंडहँड लॅपटॉप आणला, दुकानदार म्हणे "सगळं टाकून दिलं, काही पाहू नका". मी विंडोज सिक्युरिटी उघडलं, सगळे हिरवे टिक, छान वाटलं, मग व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये खाली एक्सक्लूजन्स म्हणून असते ते उघडून पाहिलं तर तिथं अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला. म्हणजे डिफेंडर चालू, पण घरातली सगळ्यात मोठी खोलीच त्याला 'इकडं पाहू नको' म्हणून सांगून ठेवलेली. क्रॅक मारताना अ‍ॅक्टिव्हेटरची फाइल पकडली जाऊ नये म्हणून हे करतात. भाऊ त्याच लॅपटॉपवर तीन महिन्यांपासून बँकेचे व्यवहार करत होता. मला खरंच राग आला त्या दिवशी, शेतकऱ्याचे कष्टाचे पैसे असतात ते. तुम्ही सेकंडहँड घेतला असेल तर हे वाचून झाल्याबरोबर ती एक्सक्लूजन्सची यादी उघडून पाहा, घरच्या मशिनीवर ती रिकामीच पाहिजे. तिथंच टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरची सेटिंग कोणी गुपचूप बदलू नये म्हणून असलेलं कुलूप) चालू आहे का पाहा, आणि अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शनच्या आत पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग, ते ऑन करा, स्पायवेअरचा अर्धा माल फुकटच्या कन्व्हर्टर-डाउनलोडरला चिकटून येते तो तिथंच अडते. भावाच्या लॅपटॉपचा तर मी फाइली काढून फॉरमॅटच मारला, लॅपटॉपसोबत आलेलं ओरिजिनल विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून परत टाकलं तर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं, क्रॅकची गरजच नव्हती. बऱ्याच ब्रँडेड लॅपटॉपचं असंच असते.

विंडोज 10 वाल्यांनी हेही पाहा की त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. डिफेंडरला नवी माहिती 2028 च्या ऑक्टोबरपर्यंत मिळणार आहे पण विंडोजची स्वतःची भोकं बुजणार नाहीत, त्यासाठी सेटिंगच्या विंडोज अपडेटमधून ईएसयूला (सपोर्ट संपल्यावरही सुरक्षेचे अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) नाव नोंदवा, मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंगचं बॅकअप चालू केलं तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत पैसे लागत नाहीत. विंडोज 7 चा सपोर्ट तर 2020 मध्येच गेला, त्यावर अँटीव्हायरस शोधू नका, 2 जीबी रॅम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट नावाच्या फुकटच्या सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, पोरांचा अभ्यास, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म सगळं जमते. अंगठ्याच्या मशीनचं काम असेल तर मात्र त्याचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का ते आधी विचारून घ्या.

आणखी एक, कोपऱ्यात सारखं 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस' असं येत असेल तर बहुतेक वेळा ते क्रोमचं नोटिफिकेशन असते, कोण्या साइटवर अलाऊ दाबलेलं असते. कोणताही स्कॅन मारा, ते जात नाही, क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथून ती साइट काढून टाका. आणि त्यावर दिलेल्या नंबरवर फोन करू नका.

माझ्या दोन्ही कॉम्प्युटरवर आज काय आहे तर घरातल्या विंडोज 11 वर डिफेंडर आणि महिन्याला एकदा मालवेअरबाइट्स, आणि ज्याला गावातले पेनड्राइव्ह लागतात त्यावर बिटडिफेंडर. कोण्या स्कॅनमध्ये पासवर्ड चोरणारं काही सापडलं तर ते डिलीट करून काम झालं असं समजू नका, पासवर्ड आधीच गेलेले असू शकतात. त्याच कॉम्प्युटरवरून बदलू नका, मोबाइलवरून बदला, आधी ईमेलचा मग बँकेचा, आणि गूगल खात्यात सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट करा, नाहीतर चोरलेल्या कुकीवर चोर पासवर्डशिवायही आत राहते. खात्यातून पैसे गेले असतील तर उद्या बँक उघडायची वाट पाहू नका, रात्र असली तरी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.