चितारआळीतलं ग्रिझली: वशिंड झकास, कागद चुकीचा

सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एका दुकानातला हा दोन अस्वलांचा संच. एक उत्तर अमेरिकेतलं ग्रिझली, दुसरं आपल्याकडचं अस्वल. पांगाऱ्याचं लाकूड, ऑइल पेंट, खोक्यात माहितीचा कागद. किंमत साडेसहाशे रुपये.

कोरणाऱ्याने ग्रिझलीची खूण नेमकी पकडली आहे. खांद्यावरचं वशिंड. बैलाला असतं तसं दिसतं, पण हे स्नायूंचं. कंदमुळं आणि बिळातल्या खारी उकरायला पुढच्या पायांना जोर मिळतो तो इथूनच. त्यामुळे चार पायांवर उभ्या ग्रिझलीचा खांदा पुठ्ठ्यापेक्षा, म्हणजे मागच्या भागापेक्षा, उंच दिसतो. अमेरिकन काळ्या अस्वलाचा नाही. खेळण्याला बाजूने फूटपट्टी लावा: खांदा ९ सेंमी, पुठ्ठा ८. चेहराही कपाळापासून नाकापर्यंत ताटलीसारखा खोलगट उतरवलाय. केसांची टोकं राखाडी दाखवायला तपकिरी रंग वाळल्यावर वरून जेमतेम रंग लागलेला ब्रश फिरवलाय, आणि तो हात खरंच सफाईदार आहे. कान मात्र मोठे झालेत, अगदी टेडीचे. ग्रिझलीचे कान डोक्याच्या मानाने लहान आणि गोल.

नखं कोरलेलीच नाहीत, नुसते पांढरे ठिपके. कारण उघड आहे: पांगारा हलका आणि मऊ, बारीक टोक पहिल्यांदा पडलं की तुटणार. पण ग्रिझलीची नखं १० सेंमीपर्यंत लांब असतात, उकरायची हत्यारंच ती. बांबूच्या काड्या तासून बसवल्या असत्या तर काम झालं असतं.

आपल्या अस्वलाच्या बाबतीत आळस दिसतो. साचा ग्रिझलीचाच, वशिंड तेवढं तासून टाकलेलं. छातीवरची पांढरी खूण आणि फिकट मुस्कट आहे, पण झिपऱ्या केसांचा पत्ता नाही. उंचीही जवळपास तेवढीच. नर ग्रिझली साधारण १८० ते ३६० किलोचं, आपलं अस्वल त्याच्या निम्म्यावरही क्वचित जातं. शेजारी ठेवल्यावर हा फरक दिसायलाच हवा होता.

खरी गडबड कागदात. ‘ग्रिझली जगातून नामशेष होत आहे’ असं छापलंय. ग्रिझली ही तपकिरी अस्वलाची उपजात, आणि तपकिरी अस्वल आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘कमी चिंता’ या गटात आहे. अलास्का आणि पश्चिम कॅनडात ग्रिझली बऱ्यापैकी आहेत. अडचण आहे ती अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत: तिथे एके काळी ५० हजारांच्या आसपास होती, आता दोनेक हजार. १९७५ पासून तिथे कायद्याचं संरक्षण आहे. यलोस्टोन या तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या अस्वलांचं संरक्षण २००७ आणि २०१७ मध्ये काढलं, दोन्ही वेळा न्यायालयाने परत लावलं. वाढ मुळातच संथ: मादी चार-सहा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, पुढची पिल्लं साधारण तीन वर्षांनी. एक मादी मेली की भरून यायला वर्षं जातात.

आपल्या अस्वलाबद्दल कागदावर दोनच ओळी, त्यात ‘मध आवडतो’. वाळवी हे त्याचं मुख्य खाणं; वरचे मधले दोन दात नसल्याने त्या फटीतून ते ती ओढून घेतं. आंबोली-तिळारीच्या जंगलात राहणारं हे अस्वल आययूसीएनच्या यादीत ‘असुरक्षित’ आणि आपल्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. म्हणजे ज्याची काळजी करायची ते घरचं, आणि गळा काढलाय पाहुण्यासाठी.

घेताना पोटाखाली बघा, तिथला रंग बहुधा पातळ असतो. बारीक भोकं किंवा भुसा दिसला तर दुसरा नग मागा. पांगाऱ्याला कीड लवकर लागते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमटपणा कोंडून बुरशी धरते. कोरड्या फडक्याने पुसा. उन्हात तापवलं तर रंगाला भेगा जातात. ग्रिझली सुटं मिळालं तर तेवढंच घ्या. आमच्या वेळी दुकानदार जोडी फोडायला तयार होता, साडेतीनशेत.