ओपन टीजी-गेट्स : यकृताच्या विषबाधेचा विनामूल्य माहितीसंग्रह

एखादे रसायन यकृताला अपाय करील का, हे जनुकांच्या अभिव्यक्तीवरून (कोणते जनुक किती सक्रिय आहे यावरून) ओळखणारे मशीन लर्निंगचे मॉडेल बांधायचे झाल्यास पहिली अडचण भरवशाच्या माहितीची येते. जपानमधील शासकीय संस्था आणि औषध कंपन्यांनी 2002 पासून मिळून उभारलेला 'ओपन टीजी-गेट्स' हा संग्रह ती अडचण बऱ्याच अंशी दूर करतो, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

यात सुमारे 170 संयुगे आहेत. उंदरांना एकच मात्रा देऊन 3, 6, 9 आणि 24 तासांनी, तसेच रोज मात्रा देऊन 4, 8, 15 आणि 29 दिवसांनी मोजमापे घेतलेली आहेत. शिवाय उंदराच्या व माणसाच्या यकृतपेशींवरील प्रयोग वेगळे. संग्रहाचे खरे मोल मात्र जोडमाहितीत आहे. पॅरासिटामॉलच्या जास्त मात्रेने ग्लुटाथायोन (पेशीला विषापासून वाचवणारे रसायन) घटते आणि पेशीची संरक्षक जनुके जागी होतात, हे पुस्तकात वाचलेले असते; येथे अभिव्यक्तीचे आकडे पाहतानाच रक्तातील एएलटी (यकृतपेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर) आणि यकृताच्या काचपट्टीवरील पेशीनाश पडताळून पाहता येतो. मॉडेलला शिकवण्यासाठी लागणारी 'विषारी' किंवा 'निर्धोक' ही खूण त्यामुळे अंदाजाने लावावी लागत नाही.

कच्च्या फायली संयुगागणिक झिपमध्ये मिळतात आणि त्यांचे सामान्यीकरण (सर्व नमुन्यांचे आकडे एका मापावर आणणे) आपणच करायचे असते, ही तक्रार किरकोळ आहे. गंभीर धोका वेगळाच आहे : अभिव्यक्ती मोजणाऱ्या एका चिपवर एकतीस हजारांच्या आसपास प्रोबसंच (जनुकांची पातळी टिपणारे बिंदूंचे गट), तर अभिव्यक्ती मोजलेले उंदीर गटागणिक अवघे तीन. अशा वेळी नमुने सरसकट पिसून प्रशिक्षण आणि चाचणी असे भाग पाडले, तर एकाच संयुगाचे नमुने दोन्हीकडे जातात आणि रँडम फॉरेस्टही (अनेक निर्णयवृक्षांचे मिळून बनलेले मॉडेल) अचूकतेचे डोळे दिपवणारे आकडे दाखवते. संपूर्ण संयुगच बाजूला ठेवून चाचणी घेतली की ते आकडे खाली येतात. विश्वास ठेवायचा तो त्यांवरच. (शोधनिबंध वाचतानाही प्रथम हीच विभागणी पाहावी.)

मानवी पेशींच्या प्रयोगांत प्रत्येक स्थितीचे दोनच नमुने असल्याने तेथील निष्कर्ष जपून काढावेत. भर औषधांवर असल्यामुळे कीटकनाशके किंवा आर्सेनिक यांच्या अभ्यासकाला येथे फारसे हाती लागणार नाही. उंदरांवरील अधिक संयुगे हवी असल्यास सहाशेहून अधिक संयुगांचा 'ड्रगमॅट्रिक्स' हा संग्रह जोडीला घ्यावा, मात्र दोन्ही संग्रह एकत्र करण्यापूर्वी प्रयोगशाळांमधील फरक दुरुस्त करावा लागतो.